बाष्पीभवन

आमचे हे अडतीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते,
परीक्षानळ्या धुवायला.
पोरं वैजनाथमामा म्हणायची.
नळीतलं पाणी डोळ्याच्या रेषेत आणून वाचायचं,
हे लातुरातल्या निम्म्या डॉक्टरांना आपणच शिकवलं
असं त्यांचं म्हणणं.

लोकांना वाटतं, रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यानं हे असे झाले.
नाही.
तेव्हा तर सगळं गावच असं होतं.
हे नंतर झाले, नळाला पाणी आल्यावर.

मोरीच्या भिंतीवर खडूनं लिहिलं:
अंघोळ एक बादली, तीही काठाखाली चार बोटं.
डाळतांदळाचं धुवण कढीपत्त्याला.
काडी दिवसाला एकच,
दुसरी शेगडी पहिलीच्या जाळावर कागदाची सुरळी धरून.
पंखा घाम आल्यावर. येईलसं वाटलं म्हणून नाही.
सदरे दोन. तिसरा शिवला तर पहिल्याची पिशवी.
आणि खाली रेघ मारून:
हे नियम फक्त माझ्यावर. कुणाला सांगू नयेत.

घरात माणसं दोन आणि नियम एकावर!
मी दुसरी काडी ओढली की
हे पेपर वाचत बसायचे,
पण पान उलटायचं नाही.

शेजारच्या हॉस्टेलची टाकी पहाटे वाहायची.
हे अंथरुणात उठून बसायचे, अंधारात मोजायचे.
सात मिनिटं.
नऊ मिनिटं.
भांडायला गेले नाहीत कधी.
एकदा पाना आणि रबराचा वायसर घेऊन गेले,
वर चढले, खाली आले,
चहासुद्धा घेतला नाही.

यंदा मांजरा धरण भरलं. गल्ली म्हणाली,
मामा, आता तरी घ्या की दोन बादल्या.
हे म्हणाले, धरण भरलं म्हणून माझं अंग वाढलं का?

आता माझं सांगते.
दुपारी हे वाचनालयात गेले की मी मोरीत उभी राहायचे
आणि रांजणातलं पाणी पायांवर सोडायचे,
घोट्यापासून, हळूहळू.
पाय काही मळलेले नसायचे.
त्या पाण्याचं काहीच काम नव्हतं,
कढीपत्त्यालाही जायचं नाही ते, सरळ गटारीत.
दोन तांबे.
मग मोरी फडक्यानं कोरडी,
रांजणावर झाकण,
आणि तोंडावर काही नाही.

रांजणाला आतून ह्यांच्या खुणा, बोटाबोटाच्या.
आणि एक वही.
ती मी कधी उघडली नव्हती. लाईटबिल शोधताना उघडली.
सकाळची पातळी, संध्याकाळची, कशाला किती,
आणि शेवटच्या रकान्यात, रोज:
बाष्पीभवन, दोन बोटं.

चैत्रात ठीक आहे, पत्रे तापतात.
पण पुसाच्या थंडीत दोन बोटं?
श्रावणाच्या झडीत, कपडे तीन तीन दिवस वाळेनात तेव्हा?
झाकण ठेवलेल्या रांजणातून?

मग सापडले ते चार दिवस,
मी उदगीरला भाच्याच्या लग्नाला गेलेले.
बाष्पीभवन: नाही.
नाही.
नाही.
नाही.
चौथ्या नाहीपुढं एक ठिपका,
पेन बराच वेळ टेकून राहिल्यासारखा, शाई पसरलेली.

बिल घेतलं. वही होती तशी ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा मोरीत.
एक तांब्या ओतला.
दुसऱ्यासाठी वाकले आणि तशीच सरळ झाले.
नियमबियम काही नाही,
पाय गार झाले होते, एवढंच.

रात्री ह्यांनी बॅटरी लावून रांजणात पाहिलं.
गुडघ्यावर बसून, डोळा रेषेत आणून, पुन्हा एकदा.
मग वहीत काहीतरी लिहिलं आणि दिवा घालवला.

सकाळी मी बघितलंच.
बाहेर वैशाख पेटलेला, चिमणीची चोच उघडी,
आणि वहीत:
बाष्पीभवन, एक बोट.
हवा दमट.