पाचवा रकाना

नारिनच्या संग्रहालयात, दुसऱ्या दालनात, एक तंबू आहे,
खराखुरा, धुराचा आणि घोड्यांचा वास न सोडलेला.
भोवती लाल दोरी. दोरीला पाटी: हात लावू नये.
पाटीची राखण मुकाम्बेत करतो, बावीस वर्षं,
शिवाय पेंढा भरलेल्या हिमबिबट्याची,
ज्याच्या एका डोळ्याच्या जागी
कुणीतरी कोटाचं बटण शिवलंय.

तिसरीच्या मुलांसाठी विज्ञानाचं काही करा, असं वरून आलं.
मी आधी प्रश्नपत्रिकाच केली:
बिबट्याच्या शेपटीची लांबी किती?
तंबूला काठ्या किती?
भाच्यावर करून पाहिली.
त्यानं उत्तरं पाट्यांवरून उतरवली, बिबट्याकडे न बघता,
आणि विचारलं, संपलं का.

संपलं. फाडली.

रात्री किटलीवर बुरणुसाचा तुकडा घातला, रोजच्यासारखा,
आणि हात तिथंच राहिला.
बुरणूस ऊब देतो म्हणतात.
कुठून देतो?
मेंढीपासून सुटल्यावर
त्याच्या पोटात कुठली चूल?

मग बेत असा.
नदीवरच्या बर्फाचे चार तुकडे, काड्यापेटीएवढे, सारखे.
एक ताटलीत उघडा. एक पत्र्याच्या डब्यात.
एक वर्तमानपत्रात. एक माझ्या किटलीच्या बुरणुसात.
शेवटपर्यंत कोण टिकेल, आधी कोण जाईल?
तोंडानं नाही सांगायचं, अक्रोड ठेवून सांगायचं.
कागदावर चार रकाने: मला वाटतं. का वाटतं.
काय झालं. आता काय वाटतं.
पंचेचाळीस मिनिटं, कारण शाळेची बस.

दोरी सोडवायला मात्र तीन दिवस गेले.
मुलं हात लावतील, मुकाम्बेत म्हणाला.
म्हटलं, तेच तर.

एकोणीस आली, खिंडीपलीकडच्या गावातली.
न सांगता जोडे बाहेर काढले:
आम्हाला इतकी वर्षं ते दालन होतं,
त्यांना ते घर.

अठरा अक्रोड बुरणुसापुढे.
"तो गरम असतो," बेकताश म्हणाला, "बर्फ बिचारा लगेच मरेल."
नुरजतनं आपला अक्रोड मुठीतच ठेवला,
नाक ओढलं, म्हणाली,
"पण बुरणुसाला कसं कळणार,
आत मी आहे की बर्फ?"

माझ्या खिशात उष्णतारोधकाची व्याख्या होती,
सुवाच्य, तीन ओळींची.
तिथंच राहू दिली.

डबा आधी हरला. मग ताटली.
वर्तमानपत्र शाईसकट ओघळलं.
बुरणूस अजून कोरडा, गप्प,
आणि बाहेर बसचा भोंगा.
"उघडू नका!" अठराही ओरडले,
ज्यांचे अक्रोड बुडत होते तेच.

माझ्या पत्रकात याला जागा नव्हती.
गाठोडं नुरजतच्या हातात गेलं.
मुकाम्बेत बसपर्यंत सोबत चालला, छातीवर हात,
वस्तू बाहेर नेताना चालतो तसा,
आणि परत येऊन नोंदवहीत लिहिलं:
बर्फ, एक नग, उसना.

गुरुवारी त्यांच्या बाईंचा फोन, तुर्दुगुलचा.
खिंड ओलांडेपर्यंत होता म्हणे, बोटाच्या पेराएवढा.
आता गावात पोरं दिसेल ते गुंडाळतायत:
उकडलेला बटाटा, अंडं, कुत्र्याचं पिल्लू
(ते पळालं).
बेकताशनं घड्याळ गुंडाळलंय,
आत वेळ हळू निवते का बघायला.

मी कागदावर पाचवा रकाना आखला.
वर काय लिहावं सुचेना.
तसाच छापायला दिला.

बुरणूस परत आलेला नाही, चहा गार होतो.
दोरी सापडत नाही, असं मुकाम्बेत सांगतो.
काल बंद करायच्या वेळी
बिबट्यासमोर उभा होता, किल्ल्या न वाजवता.
बावीस वर्षांत पहिल्यांदा मला काही विचारलं:
"याच्या आत नेमकं काय भरलंय गं?"

पेंढा, माझ्या ओठांवर आलंच होतं.

मी खिशातून अक्रोड काढला,
त्याच्यापुढे धरला.
"आधी तू सांग."