अर्धा इंच माया

गुरुवार. धनकवडीत सकाळपासून वीज नाही,
म्हणून लॅपटॉप पोटाशी धरून आम्ही पाचजण
प्रज्योतच्या काकांच्या झेरॉक्सच्या दुकानात.
तिथं इन्व्हर्टर आहे,
आणि बसायला कोऱ्या कागदांचे गठ्ठे.

क्लासमध्ये सरांनी बजावलं होतं,
एकमेकांची पानं तपासा, कौतुक घरी करा.

माझं पान आईच्या दुकानाचं.
'कुंदा लेडीज टेलर्स. ब्लाऊज, फॉल-पिको, अल्टर.'
वर तिचा फोटो, मशीनवर वाकलेली,
खाली चार परिच्छेद,
एकोणीस वर्षं, एक मशीन, वगैरे.
लिहिताना मला स्वतःलाच भरून आलं होतं.

रेहाना बागवाननं अंगठ्यानं सरकवलं, पुन्हा सरकवलं.
'नंबर कुठंय?
मी बाई आहे, कुकरची तिसरी शिट्टी झालीये,
मला एवढंच विचारायचंय की रविवारच्या आत मिळेल का,
आणि तुझं पान मला चरित्र सांगत बसलंय.'

प्रज्योतनं फोन आडवा केला.
मेनू उघडला तो थेट आईच्या तोंडावर.
वेदांग कोड वाचत होता, मान वर न करता म्हणाला,
'बाराशे पिक्सेल? खिळा ठोकून?
कुणाच्या खिशात एवढा फोन मावतो रे?'

मी म्हणालो, माझ्या स्क्रीनवर तर बरोबर दिसतंय.

कुणीच काही बोललं नाही.
झेरॉक्सचं मशीन कुणाचा तरी जातीचा दाखला
ओकत राहिलं, सहा प्रती.

दळवी काकू पोस्टातून निवृत्त झालेल्या,
त्यांचा फोन लहान, काचेला कोपऱ्यातून तडा.
त्यांनी चष्मा वर करून मोठ्यानं वाचलं,
'ब्लाऊज शिवून मि...'
आणि माझ्याकडे पाहिलं.
'पुढचं बाहेर गेलंय का रे?
की माझाच फोन तोकडा?'

तो प्रश्न मला बसमध्ये पद्मावतीपर्यंत टोचत राहिला.

घरी आई एक ब्लाऊज उसवत होती.
धागा ओढते, फुंकर मारते, पुन्हा ओढते.
मी सगळं सांगितलं, वेदांगचं जरा जास्तच सांगितलं.
ती म्हणाली, तुझ्या अंगावर बसलं
म्हणजे गिऱ्हाइकाच्या बसलं का?
मग शिवण उलटी करून दाखवली:
आत दुमडलेलं कापड, रंग अजून नवा,
बाहेरचा उन्हानं विटलेला.
'दोन्ही बाजूंना अर्धा इंच माया ठेवते मी.
बाळंतपण होतं, दुखणं येतं,
कुणाला सासर मानवतं.
अंग काय एका मापात राहतंय?'

आमच्यातही असतं असं, मी म्हणालो,
पॅडिंग म्हणतात.
'पॅडिंगचे पन्नास वेगळे,' ती म्हणाली.

रात्री मी बाराशेचा खिळा उपटला.
टक्क्यांत मापं घेतली, कडेला माया सोडली,
चारातले तीन परिच्छेद उसवले.
(चौथा नाही उसवला. त्यात तिच्या हातावरच्या
सुईच्या टोचण्यांबद्दल आहे.
रेहाना पुन्हा ओरडेल. ओरडू दे.)
नंबर वर आणला, अंगठ्याएवढा मोठा.
दाखवायला गेलो तर म्हणाली,
डोळे दुखतात, उद्या बघते.
दुवा सगळ्यांना पाठवून झोपलो.

सकाळी आई चहा गाळत असताना तिचा फोन वाजला.
अनोळखी नंबर.
खांदा आणि कानात फोन धरून ती ऐकत होती,
हो, कुंदाच बोलतेय, हो, अस्तराचं,
हो बाई, दिसतोय तर दाबा की तोच नंबर.
मला कळलं, काकू आहेत.
त्या तडा गेलेल्या काचेत सगळं मावलं,
शेवटच्या 'ळेल'पर्यंत.

मी हातानं खूण करत होतो, घे, घे.

आणि आई म्हणाली,
'चार दिवसांत?
कुणी लिहिलंय चार दिवस?'