जवळून पाहायचं रक्त

दिवाळी ते होळी
मी वडशाच्या कंपनीत तोंडं रंगवतो.
पाटलाच्या पोटात सुरी, नायिकेच्या बापाला खोक.
रक्त असं, की मंडपाबाहेर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत
उभं राहून पाहणाऱ्यालाही कळावं.
बीट, कुंकू, साखरेचा पाक.
पहाटे चारला मेलेले सगळे उठून चहा पितात.

चैतात काम नसतं.
ग्रामीण रुग्णालयाच्या शेंडे मॅडमनी बोलावलं:
आशाताईंचं ट्रेनिंग आहे, जखमा करून द्या.
अस्वलाची एक. थ्रेशरमध्ये गेलेला हात एक.
सापाचे दोन दात.
मोबाईलवर फोटो दाखवले,
गोऱ्या कातडीवरच्या जखमा.
म्हटलं, मॅडम, हा रंग आपल्याकडं चालायचा नाही.
आपल्या अंगावर लाल उठत नाही,
वांग्याच्या सालीसारखं जांभळं उठतं,
आणि कडेनं राख.

नर्सबाईंच्या चहाच्या पातेल्यात
जिलेटिन वितळवलं, ग्लिसरीन, चिमूटभर कॉफी.
दिनूला बाकावर आडवा केला.
दिनू आमच्या नाटकातलं प्रेत.
डास चावला तरी हलत नाही.
कपाळापासून गालापर्यंत
चार नखं ओढली मी.
ट्रॉलीतल्या माणसाचा विचार सोडून,
वाकून पाहील त्या एकाच बाईसाठी.

तिसऱ्या रांगेत जायराबाई कुमरे.
सगळ्या 'अगं बाई' म्हणाल्या, ती नाही.
"अशी नोहोती गा," म्हणाली,
आणि पदर मागं सारून पुढं आली.
एक डोळा माझ्याकडं, दुसऱ्याच्या जागी शिवण.
दिनूच्या गालावर बोट ठेवून म्हणाली,
"हे खाली घे. इथून कातडं लोंबत होतं.
आन एवढं लाल कुठं? माती होती. पाला होता.
एक मोहफूल चिकटून होतं,
दवाखान्यापर्यंत आलं माह्यासंगं."

मी काही न बोलता बाहेर गेलो.
कंपाऊंडपलीकडच्या मोहाखालून एक फूल आणलं,
गोंद लावून बसवलं.
खोलीभर गोड वास.
साखरेच्या रक्तावर माश्या आल्या.
हाकलायला हात उचलला, तर ती म्हणाली,
"राहू दे. तवाही आल्या होत्या."

शेवंता मडावीचा पहिला नंबर.
नवी पोरगी, हातमोजे बोटांना मोठे.
तिनं आधी फूल उचलायला घेतलं.
"फूल नको काढू, आधी दाब," जायराबाई ओरडली,
"दाब, दाब, अजून,
त्याच्याशी बोल, नाव विचार त्याला."
शेवंतानं दोन्ही तळव्यांनी असं दाबलं
की अकरा वर्षांचं आमचं प्रेत
'आई गं' म्हणालं.
हे कोणी लिहून दिलं नव्हतं.

संध्याकाळी जखम अलगद सोलून काढली,
पावडर मारून स्टीलच्या डब्यात ठेवली.
पुढच्या तुकडीला लागेल.
बाकीच्या बाया जीपकडं गेल्या होत्या.
जायराबाईनं ती तळहातावर घेतली,
भाजीवाल्याचं वजन तपासावं तशी
वरखाली केली.
"हलकी हाय," म्हणाली.

जीपचा हॉर्न दोनदा वाजला.
मी झाकण हातात धरून उभा होतो.
थ्रेशरचा हात अजून बाकी होता.