वस्त्रगाळ

लबकला मार्चात आभाळ खालून वर येतं.
दुपारी तीनलाच रस्त्यावर दिवे लागतात,
दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबून
जो तो आपल्या घरात गप्प बसतो,
आणि सकाळी उशीच्या अभ्र्यावर
माझ्या डोक्याएवढा एक स्वच्छ गोल उरतो.

इतकं बारीक मी फक्त आमच्या वैद्यांच्या खलात पाहिलं होतं.
वस्त्रगाळ, म्हणायचे ते.
इथे वस्त्र कुणाचं, कोण गाळतंय,
काही पत्ता लागत नाही.

गाडी नव्वद सालची व्होल्वो, शेजारच्या टिडवेलांकडून घेतलेली,
चौकोनी, डब्यासारखी.
ज्या गावात एक चढ नाही
तिथे ती धापा टाकायला लागली.

झाकणाला चार क्लिपा. चौथीच्या जागी
कापसाच्या गाठीची तार, व्हर्लन टिडवेलच्या हातची.
उघडलं तर आतली गाळणी विटेच्या रंगाची,
घड्यांत अडकलेलं तुसं, एक सरकी,
नाकतोड्याचा अर्धा पंख.
आणि झाकणाच्या आतल्या बाजूला
पांढऱ्या पेनने उभा रांगेत लिहिलेला मैलांचा हिशोब,
शेवटचा आकडा 187,400.

दुकानातल्या पोराने लाल चौकटीतली दाखवली,
सुती जाळीची, तेल पाजलेली.
सत्तर डॉलर. धुवा, वाळवा, पुन्हा तेल लावा,
आयुष्यभर चालते, म्हणाला.
कुणाच्या, ते नाही सांगितलं.

मी भुलले होते खरं तर.
कापसाच्या गावात कापसाचीच गाळणी,
किती बरं वाटतं ऐकायला.

व्हर्लनला विचारलं.
गाडी मी अशी लावते की त्याची नळी बॉनेटपर्यंत पुरावी.
पन्नास फूट नळी, नाकापासून हॉलमधल्या यंत्रापर्यंत,
उंबऱ्यावर ती चिमटू नये म्हणून नदीनने
तिथे जुना पायमोजा घडी करून ठेवलाय.

"कापसाचं मला नको सांगूस," तो म्हणाला.
अडतीस वर्षं जिनिंगमध्ये.
तोंडाला रुमाल, तोही असला तर.
"या धुळीला ती जाळी म्हणजे उघडं फाटक.
आणि तेल उडून बसतं आतल्या तारेवर,
केसाएवढी तार, तिच्यावर इंजिन हवा मोजतं.
कागद घे. अकरा डॉलरचा.
दोन हातात धर आणि घड्या मोज,
जास्त घड्या असतील तो."

मग एकेक, श्वास पुरेल तसं:
कागद धुवायचा नाही.
पायरीवर हलकेच आपटायचा, कणीक चाळताना आपटतो तसा
(हे माझं, त्याने नुसता हात हलवून दाखवला).
मागे बॅटरी धरायची,
उजेड घड्यांतून आला तर अजून जीव आहे.
आणि सारखं उघडून बघायचं नाही.
"थोडी धूळ राहू दे. धूळच धुळीला अडवते.
तू उघडतेस, तेव्हाच ती आत जाते."

आत यंत्र घुरघुरत होतं.
त्यालाही एक स्पंजाची गाळणी आहे,
नदीन दर शनिवारी सिंकमध्ये धुते,
दोरीवर वाळत घालते.
ती धुण्याची आहे. मी विचारून घेतलं.

ऑक्टोबरात, जिनिंग सुरू व्हायच्या आधी,
नवा कागद बसवला.
डबा ओल्या फडक्याने पुसला,
आणि त्याच्या रांगेखाली मी माझा आकडा लिहिला:
१,९९,६५०.
स्वल्पविराम हाताने आपसूक लाखावर टाकला.

व्हर्लन वाकून बराच वेळ बघत राहिला.
"हे पुढच्याला कळायचं कसं?"
"पुढचा कोण?"
यावर त्याने काही म्हटलं नाही.
गाळणीच्या पलीकडे, इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत
बोट घातलं, फिरवलं,
आणि बाहेर काढून माझ्यासमोर धरलं.
कोरडं. स्वच्छ.
नखाखाली होतं ते काळं जुनंच.

तीन क्लिपा मी लावल्या.
तारेला त्याने दीड वेढा दिला.
दोन देऊ नकोस, म्हणाला,
प्लॅस्टिक म्हातारं झालंय, चिरेल.