विषय: दिवा मिळणेबाबत

मा. कर्णिकसाहेब,
प्लान्ट मॅनेजर, भोसरी.

अर्ज कसा सुरू करायचा ते शिकलगारने
चलनाच्या पाठीवर लिहून दाखवलं.
पुढचं माझं.

चौदा वर्षं मी चाळीस टनी प्रेसवर होतो.
प्रेस पडतो तेव्हा आधी बुटाच्या तळव्याला कळतं,
मग पोटरीला, मग दाढेला.
जॉब वाकडा बसला तर दाढ सांगते.
तुम्हा लोकांची दाढ नुसती दुखते.

नवी लाइन आली. तिला हूटर आहे म्हणे.
मी त्याचं फक्त उघडं तोंड पाहिलंय.
लिहून दिलं: त्याच वायरीला एक लाल दिवा जोडा.
तुम्ही कागद वाचलात, ओठ हलले: बघू.
मी बघतोच, साहेब, पाळीभर तेवढंच करतो.
तुमचं बघू
कुठे बघतं?

मग पॅकिंगला पाठवलंत, माझ्याच काळजीने.
ओव्हरटाइम गेला, इन्सेन्टिव्ह गेला,
महिन्याला एकवीसशेची काळजी.
वर निरोप: भावाला आण, त्याच्याशी बोलतो.
मी एक्केचाळीसचा. तो सव्वीसचा, चऱ्होलीत रिक्षा चालवतो.
तुम्ही बोलत होतात, तो मान हलवत होता,
मी मधे उभा, दोघांचे ओठ शोधत:
एकाच्या मिशा,
दुसऱ्याच्या गालात मावा.

तीन डिसेंबरला शाल, नारळ, फोटो.
बॅनरवर लिहिलं होतं, आता अपंग नाही, दिव्यांग म्हणायचं.
दिव्य राहू द्या. दिवा द्या.
शालीच्या आत किंमत टाचलेली राहिली होती, चारशे नव्वद.
दिवा लांडेवाडीत तीनशे साठला मिळतो.
विचारून आलोय.

कायद्यात याला वाजवी सोय म्हणतात.
बघा, तिथेही
काहीतरी वाजतंच.

माझे कान बंद, डोळे शाबूत.
तुम्ही दोन्ही जोडून
कानाडोळा केलात.

मागल्या मंगळवारी लहूचा हातमोजा आत गेला.
मोजाच. बोटं राहिली.
चौकशीचा कागद शिकलगारने मोबाइलवर दाखवला:
कानात प्लग असल्यामुळे कामगारास हूटर ऐकू आला नाही.
मी ती ओळ तीनदा वाचली.
चहाच्या सुट्टीत परत एकदा.

गुरुवारी दिवा लागला.

पॅकिंगच्या दारातून दिसतो. फिरतो.
खोक्यांवरून, चिकटपट्टीवरून, माझ्या मनगटांवरून
लाल येऊन जातं.
चांगला आहे. साडेतीनशेवाला नाही, भारीतला आहे.

तरी विनंती की, मला प्रेसवर परत घ्यावे.
दिव्याचा खर्च आता नाही.
भाऊ येणार नाही.
उत्तर लेखी द्यावे.

कळावे,

हणमंत ढोरे
टोकन १४७