वरून की खालून

रात्री साडेनऊला लॉगिन.
अरण्येश्वरामागच्या आमच्या गल्लीत कुत्री भुंकायला लागतात
तेव्हा लेक चार्ल्समध्ये सकाळचे अकरा.

फॉर्मचा पहिला रकाना एवढंच विचारतो:
पाणी वरून आलं, की खालून?
वरून म्हणजे वारा. छप्पर उडालं, पाऊस घुसला, पैसे मिळतात.
खालून म्हणजे पूर.
त्याची पॉलिसी वेगळी,
बहुतेकांनी न काढलेली.

त्या वर्षी वादळांना नावं पुरली नाहीत.
सप्टेंबरातच यादी संपली, मग ग्रीक मुळाक्षरं काढली.
तबस्सुमने चॅटवर लिहिलं,
आपली बाराखडी पाठवू या का, पडूनच आहे.
मी हसरा चेहरा टाकला आणि पुढची फाईल उघडली.

मिसेस थिबोडो, वय एकाहत्तर.
ऑगस्टात लॉरा: छतावर निळी ताडपत्री.
ऑक्टोबरात डेल्टा, म्हणजे चौथं अक्षर: ताडपत्रीही गेली.
सहा आठवड्यांत एका घराचे दोन क्लेम,
आणि सोनटक्के सरांचा मेल,
कुठलं नुकसान कुठल्या वादळाचं ते वेगळं करा.

फोटो एकशे चौदा.
पियानो फुगलाय, पट्ट्या वर आल्यात
जणू आतून कुणी वाजवतंय.
भिंतीवर तपकिरी रेघ, गुडघ्याएवढी.

ती रेघ मला ओळखता येते.
आमच्याकडे कमरेएवढी होती,
आदल्या वर्षी, आंबील ओढ्याची.
दोनदा रंग दिला, दमट हवेत परत उमटते.
पंचनाम्याला आलेला माणूस दारातच थांबला.
मी सांगत गेले: शिलाई मशीन, गव्हाची कोठी,
अन्वीची दहावीची मार्कशीट...
त्याने लिहिलं, चिखल.

पहाटे तीनला फोन लागला.
इकडे पाऊस कोसळत होता, पत्र्यावर.
मी दिलगिरीचं वाक्य वाचून दाखवत होते
तर तिनेच मध्ये विचारलं, हा आवाज कसला?
पाऊस, मॅडम.
जवळ पाणी आहे का? नदी वगैरे?
ओढा आहे.
ती जरा गप्प राहिली. मग म्हणाली,
जमिनीवरचं सगळं वर उचलून ठेव, पोरी. आत्ताच. मी थांबते.

स्क्रिप्टमध्ये याला उत्तर नव्हतं.
हेडफोन कानात ठेवूनच
मी चपला, एक्स्टेन्शन बोर्ड, तांदळाचा डबा
पलंगावर ठेवला.
ती खरंच थांबली होती.

रकान्यात कर्सर अजून लुकलुकत होता.