एक, दोन, दोन्ही

बोट बघितली आणि हसूच आलं.
माझा जन्म गेला रिक्षा, ट्रॅक्टर,
द्राक्षाच्या फवारणीची यंत्रं यांच्यात,
द्वारकेजवळ दुकान, ॲसिडनं भोकं पडलेले शर्ट,
आणि इथं गंगापूर धरणाच्या काठी, चिखलात,
एका कुशीवर कललेली अठरा फुटी शिडाची बोट.

"वाऱ्यावर चालते ना? मग बॅटरी कशाला?"
गायधनी बाई म्हणाल्या,
"वारा सहा वाजता घरी जातो.
मला घरी यायला इंजिन लागतं.
दिवा लागतो, आत आलेलं पाणी उपसायला पंप लागतो.
पंपानं बॅटरी खाल्ली की इंजिन उठत नाही.
मागच्या दिवाळीत रात्रभर मध्यावर बसले होते,
चिवडा खात."

बाई ओझरला होत्या, विमानांच्या कारखान्यात,
एकतीस वर्षं वायरिंग तपासायला.
माझा प्रत्येक जोड ओढून बघायच्या.
दोनदा कापायला लावला.
तिसऱ्यांदा थर्मासमधला चहा दिला.

तर मांडणी अशी:
पहिली बॅटरी फक्त इंजिन उठवायला. एरवी तिला हात लावायचा नाही.
दुसरी घरची: दिवा, पंप, रेडिओ, बाईंचा मोबाईल.
धन टोकापासून वीतभरात फ्यूज,
ऋण टोकं दोघींची एकाच पट्टीवर, कायमची.
आणि मधे लाल मुठीचा स्विच.
एक. दोन. दोन्ही. बंद.

"चालत्या इंजिनावर 'बंद'कडे न्यायचं नाही," मी म्हणालो,
"आलेली वीज जाणार कुठं? डायोड जळतात."
"माहीत आहे. आणि 'दोन्ही'वर ठेवून विसरायचं नाही."
"का?"
मला माहीत होतं. तरी विचारलं.
"रिकामी भरलेलीला ओढते.
सकाळपर्यंत दोघी सारख्या. दोघी मेलेल्या."

मी दहाचा पाना शोधायला खाली वाकलो.
बराच वेळ सापडला नाही.

सुदामचं आणि माझं दुकान एकच होतं.
एक गल्ला, एक वही, एका डब्यात दोघांच्या भाकरी.
आईनं जाताना 'दोन्ही'वर ठेवलं,
आणि सात वर्षं कुणी मूठ फिरवली नाही.
त्याची उधारी, माझी ठेव.
रिकामा कोण नि भरलेला कोण,
हे त्याला विचाराल तर तो उलटं सांगेल.
आता मधे प्लायवूड आहे. विजेचे मीटर दोन.
पाट्या दोन, दोन्हींवर पगारे.

शेवटी रिले बसवला, काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा.
इंजिननं पहिली भरत आणली,
तेरा पॉइंट तीनला पोचली, की हा दोघींना जोडतो.
बारा पॉइंट आठच्या खाली उतरली, की सोडवतो.
कुणाला विचारत नाही, कुणाला सांगत नाही.
बाईंनी त्यालाही चिठ्ठी चिकटवली: 'शहाणा'.

दुपारभर पंप चालवून दुसरीचा जीव मुद्दाम काढला होता.
सहाला शीड पडलं, दोरीवरच्या ओल्या लुगड्यासारखं.
बाईंनी मूठ 'एक'वर नेली, चावी फिरवली.
इंजिन खोकलं, आणि लागलं.

मीटर माझ्या मांडीवर. बारा नऊ. तेरा एक.
मागं अंजनेरी काळी होत गेली.
तेरा दोन.
तेरा दोन.
बाई सुकाणू धरून, मी श्वास धरून.

टक.

एवढाच आवाज. जिभेनं सुपारी सारावी तसा.
"ऐकलंत?" बाई म्हणाल्या.
मी मान हलवली. अंधारात ती त्यांना दिसली नसणार.

रात्री दुकानात हत्यारं ठेवायला आलो.
प्लायवूडपलीकडे सुदामचा चार्जर घुमत होता,
तो खोकला, बहुतेक माझी चाहूल लागून.
मी उगाच मीटर काढला,
बेंचवरच्या माझ्या बॅटरीला लावला.
बारा पॉइंट चार.

खूप नाही. पण मेलेलीही नाही.
चार्जरचे चिमटे लावले, स्टूल ओढलं,
आणि आकडा चढतो का ते बघत बसलो.
शटर लावायला उशीर झाला.